आप्पांच्या डाव्या डोळ्यातला लंगडा

गूढ अनुभवांच्या या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे. लोकांचे अनुभव वाचायचे आणि खाली कमेंटमध्ये "याला साधं वैज्ञानिक कारण आहे" असं लिहायचं, हा माझा उद्योग. ती आगाऊ बाई मीच. कितीतरी जणांनी मला सुनावलंय की ताई, तुमच्यावर वेळ आली की कळेल. तर वेळ आली… आणि मला कारण सापडेना. आता हसा खुशाल.

मी शैला. कर्नाटकात, जोयडा तालुक्यातल्या रामनगरच्या बाजारात माझं ऑनलाइन सेंटर आहे. पहाणी उतारे (म्हणजे तुमचा सातबारा), रेशन कार्ड, परीक्षेचे फॉर्म, सगळं करते. फावल्या वेळेतला माझा नाद म्हणजे सॅटेलाइट. कुठलं रॉकेट कधी उडालं, त्यानं वर काय काय सोडलं, ते कुठल्या वाटेनं फिरतंय आणि शेवटी कधी खाली पडलं — ही सगळी कुंडली मी बघते. माणसांच्या पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही, यांच्या पत्रिकेवर आहे. कारण ती मांडून ठेवलेली असते, कुणालाही तपासता येते.

मागे एकदा संध्याकाळी आभाळातून दिव्यांची माळ सरकत गेली आणि अर्धं रामनगर रस्त्यावर आलं. कुणी म्हणालं देवाची पालखी, कुणी म्हणालं चीन. मी दुकानाच्या पायरीवर उभारून सांगितलं की या इंटरनेटच्या नव्या सॅटेलाइट आहेत, थोड्या दिवसांत पांगतील. पांगल्या. तेव्हापासून जवळच्या गणेशगुडीचे लॉजवाले पाहुण्यांना आभाळ दाखवायला मला बोलावतात. सांगायचा मुद्दा हा की आभाळात काही दिसलं म्हणून घाबरणाऱ्यातली मी नव्हे.

आमचं घर गावाबाहेर, भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला. मागे लगेच जंगल. मागच्या अंगणात उभारलं की उत्तरेला फणस, दक्षिणेला डेअरीचा पत्रा आणि मध्ये सगळं मोकळं आभाळ. कडेला कोंबड्यांचं खुराडं. जे घडलं ते सगळं या अंगणात, दिवेलागणीला. सॅटेलाइट त्याच वेळेला छान दिसतात. खाली अंधार पडत असतो, पण त्या इतक्या उंच असतात की त्यांच्यावर अजून ऊन असतं.

आई त्याच वेळेला कोंबड्या कोंडायला बाहेर यायची. तिचा गुडघा धरलेला, त्यामुळं एक पाय ओढत चालायची. मी मोबाइल घेऊन वर बघत असायची आणि ती म्हणायची, "काय मिळतंय ग त्या आभाळात?" मग एक दिवस तिलाच मिळालं.

तिला दिसली ती सॅटेलाइट नव्हतीच. रॉकेट वर जाऊन माल सोडतं आणि त्याचा शेवटचा रिकामा टप्पा तिथंच फिरत राहतो, माल उतरवलेल्या टेम्पोसारखा. हा टप्पा मी शाळेत असताना उडालेल्या एका परदेशी रॉकेटचा होता. कोलांट्या घेत जायचा, म्हणून दोनदा चमकायचा, मग बराच वेळ काही नाही, परत दोनदा चमकायचा. आई खुराड्याला टेकून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो बी माझ्यासारखाच लंगडत चाललाय की." झालं, त्याचं नाव लंगडा पडलं. मग कोंबड्या कोंडायच्या आधी विचारणा सुरू — आज लंगडा हाय काय?

काही वर्षांनी लंगडा पडला. वरची विरळ हवा घासून घासून अशा वस्तू खाली खाली येतात आणि शेवटी जळून जातात. हाही कुठल्यातरी समुद्रावर जळाला, तशी नोंद आली. मी उत्साहानं आईला सांगायला गेले. तिचं तोंडच उतरलं. म्हणाली, "सांगायचं न्हाईस की मला." आणि मग जरा थांबून, "जाईल कुठं? येईल बघ." त्यानंतरही ती रोज वर बघायची. पुढच्या वर्षी आई स्वतःच गेली. अंगणात जायला मला बरेच दिवस नको वाटायचं.

आप्पांना यातलं फारसं ठाऊक नव्हतं. ते लाकूड डेपोत कामाला, घरी यायला अंधारच व्हायचा. आई गेल्यावर काम सोडलं आणि संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले. तेवढ्यात त्यांना मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. पण मान्य करतील तर आप्पा कसले. चहात दुधाऐवजी ताक ओतलं आणि वर म्हणाले, दूध नासलंय. गडी समजून शेतातल्या बुजगावण्याला कामं सांगून आले. बुजगावणं उत्तर देईना म्हणून आल्यावर माझ्याकडं तक्रार, हल्लीच्या माणसांना बोलायची रीत न्हाई. ऑपरेशनचं नाव काढलं की एकच, "मला सगळं दिसतंय."

शेवटी मी डाव टाकला. म्हटलं, "आप्पा, आत्ता थोड्या वेळात माणसं राहतात ते अंतराळ स्थानक इथनं जाणार. बोट करून दाखवलासा तर परत ऑपरेशनचं नाव काढणार न्हाई. न्हाई दिसलं तर बेळगावला यायचं."

"व्हय. ये म्हण त्याला."

स्थानक डेअरीच्या बाजूनं वर आलं, चांगलं ठळक. आप्पांची पाठ त्याच्याकडं. ते फणसाकडं बोट करून बसलेले. "त्यो बघ आला. दोनदा चमकतोय, थांबतोय. परत दोनदा. पाय दुखत असल्यासारखा चाललाय."

मी पोट धरून हसले. आईकडून कधीतरी ऐकलेलं सांगून मला फसवतायत असं वाटलं. आप्पा हरले आणि तोंड फुगवून बेळगावला आले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आणि मग आमच्या घरात सुखानं राहणं अवघड झालं, कारण आप्पांना सगळं दिसायला लागलं. कोळ्याची जाळी दिसली, भांड्यांच्या कडा दिसल्या, मी गुपचूप घेतलेली साडी दिसली. "शैले, तुझे केस कधी पांढरे झाले ग?"

"तुमचं ऑपरेशन होईतोवर," मी म्हटलं.

संध्याकाळी मी त्यांना सॅटेलाइट दाखवायला लागले. आता पठ्ठ्या माझ्या आधी बोट करायचा. पण एक दिवस बघते तर उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून, नुसत्या डाव्यानं फणसाकडं बघत बसलेत. तो डोळा म्हणजे पूर्ण पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी तपासताना विचारलं होतं, "अज्जा, किती बोटं?" तर आप्पा म्हणाले, "कुठली बोटं?" त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

"काय बघताय?"

"ह्या डोळ्याला त्यो हाय, त्या डोळ्याला न्हाई." हात काढला, परत ठेवला. "बाकी सगळं पांढरं दिसतंय. त्यो तेवढा चांगला दिसतोय. आत्ता बघ, डेअरीवर पोचला."

मी वर बघितलं. रिकामं आभाळ.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी गंमत म्हणून लंगड्याची पडण्याआधीची शेवटची कक्षा प्रोग्रॅममध्ये घातली. प्रोग्रॅम म्हणाला, ही वस्तू पडलेली आहे, पुढचं गणित होत नाही. त्या गणितात हवेच्या घर्षणाचा एक आकडा असतो. तो मी शून्य केला… म्हणजे त्याला हवा लागलीच नाही, तो पडलाच नाही, आजतागायत फिरतोच आहे असं धरलं. आणि कालची संध्याकाळ काढली. फणसावरून निघून डेअरीच्या पत्र्याकडं. आप्पांनी सांगितलं त्याच वेळेला.

मी तारीख परत टाकली, परत तेच. समोर पहाणी काढायला आलेले काका विचारत होते, "काय बाई, सर्व्हर डाऊन हाय काय?" मी म्हटलं, हो.

योगायोग असेल म्हणून मी पुढचे कित्येक दिवस तपासलं. दुपारी दुकानात गणित करायचं, घरी अवाक्षर काढायचं नाही. प्रोग्रॅमनं आज येणार नाही म्हटलं की संध्याकाळी आप्पा सांगायचे, "आज सुट्टी दिसतीय." लांबून जाणार असेल तर म्हणायचे, "आज फणसाच्या पल्याडनंच गेला." एकदाही चुकले नाहीत. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मोतीबिंदूत असे चमकारे दिसतात. दिसत असतील. पण डोळ्यातली वस्तू डोळ्याबरोबर हलेल ना… ती वेळापत्रक पाळून उत्तरेकडून दक्षिणेला कशाला जाईल?

इथवर सगळी मजाच होती. मग डावा डोळा लाल व्हायला लागला, ठणकायला लागला. बेळगावला नेलं. आतला दाब वाढतोय, आता उशीर केलात तर डोळा जाईल, मग कुणालाच काही करता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणि आप्पा म्हणाले, "ह्यो डोळा राहू दे."

परत येताना बसमध्ये मी भांडले, घरी येऊन भांडले. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. आई गेलेली, आता यांचा डोळा माझ्यासमोर जाणार आणि मी बघत बसणार. आप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुझी आई ह्याच वेळेला हितं उभारायची न्हवं? मी कधी आलो न्हाई. आता रोज येऊन बसतोय, जरा काय दिसतंय, तर तू ते बी काढून टाकायला लागलीस."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. आईचं खुराड्याला टेकून बघणं, लंगडा कसा पडला, तिचं "येईल बघ" म्हणणं, माझं शून्य केलेलं गणित, सगळं. आप्पांनी खुराड्याकडं मान वळवली. मग म्हणाले, "म्हंजे तुझी आई खरंच बोलत हुती." मी म्हटलं, "आप्पा, माझ्या हिशेबानं उद्या तो बरोबर डोक्यावरनं जाणार. मग बरेच दिवस संध्याकाळचा येणार न्हाई. उद्या पोटभर बघा. पण मग माझं ऐका." हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून आले, तर आप्पा अंगणात हजर. लग्नाकार्याला जाताना घालतात तो शर्ट, केस विंचरलेले. मला हसू आलं. ते खुराड्याला टेकून उभारले. मी शेजारी. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, बोट फणसाकडं.

"आला," म्हणाले. "दोनदा चमकला. थांबला. परत दोनदा." बोट हळूहळू वर सरकत होतं. मी बोटाच्या टोकापुढं बघत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं. बोट डोक्यावर आलं आणि आप्पांनी मान आणखी मागं टाकली.

"काय झालं, आप्पा?"

"सुम्म बस, बोलू नको." थोडा वेळ गेला. "लंगडत न्हाई ग आता. सरळ चाललाय. पाय दुखायचा थांबल्यासारखा… चांगला भराभरा चाललाय."

बोट डेअरीच्या पत्र्यापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. आप्पांनी तळहात काढला. दोन्ही डोळे भरलेले. मी तर ढसाढसा रडले, लपवत नाही. त्यांनी खुराड्याचं दार लावलं, कडी घातली आणि म्हणाले, "चल. डॉक्टरीणबाईला फोन लाव."

डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन नीट झालं. दाब उतरला, डोळा वाचला. आता आप्पा दोन्ही डोळ्यांनी माझ्या घरकामात चुका काढतात. लंगडा मात्र परत कुठल्याच डोळ्याला दिसला नाही. मधले रिकामे दिवस सरल्यावर माझं गणित परत सांगायला लागलं, आज येणार, आणि आम्ही जाऊन उभारतो. काही नसतं. इथं कुणाला कक्षेच्या गणितातलं कळत असेल, डोळ्यांतलं कळत असेल, तर कारण सांगा. मी भांडणार नाही, आधी तुमच्याशी जशी भांडायची तशी.

आप्पांना यात गूढ वगैरे काही वाटत नाही. त्यांचं म्हणणं, लंगडा त्या दिवशी एवढा डोक्यावरनं गेला आणि शैलीला दिसला न्हाई, म्हंजे पोरीच्या डोळ्यांत दोष हाय. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंकडं त्यांनी परस्पर माझा नंबर लावलाय. सोमवारी जाऊन येते.