टालवाल्याच्या छतावरची सूर्यचूल

नागपुरात नंदनवन वस्तीच्या एका कोपऱ्यावर रुपरावांचा कोळशाचा टाल होता. टाल म्हणजे काय, तर अंगणात काळे ढीग, पुढे तराजू आणि मागच्या अंगाला घर. वीस वर्षं कोळशात काढलेल्या माणसाचं धोतर मुळात पांढरं होतं, हे त्याच्या तोंडून ऐकायचं आणि विश्वास ठेवायचा. पण माणूस भलता रुबाबाचा! "आमचा कोळसा आहे म्हणून मोहल्ला जेवून राहिला," हे गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय त्यांचा तराजू हलायचा नाही.

त्र्याऐंशीच्या मार्चात डॉक्टरांनी हा रुबाब पाच मिनिटांत उतरवला. रुपरावांच्या बायकोला, जिजाबाईंना, दोन वर्षांपासून खोकला होता. विकाऊ कोळसा घरात जाळायचा नाही, असा टालवाल्याच्या घरचा कायदा. म्हणून जिजाबाई उरलेल्या भुकटीत शेणमाती कालवून गोळे थापायच्या आणि त्यावरच शेगडी पेटवायच्या. असा धूर निघायचा, की समोर बसलेला माणूस दिसू नये. डॉक्टर म्हणाले, "बाईंचं शेगडीपुढं बसणं आजपासून बंद. नाहीतर माहेरी पाठवा, तिथं भावजया रांधतील. पुढचा हिवाळा या धुरात काढला, तर मग माझ्याकडं येऊ नका."

रुपराव घाबरले. खरंच घाबरले. जिजाबाईंशिवाय घरात त्यांना पाण्याचा गडवासुद्धा सापडत नसे. गॅसचा नंबर लागायला पाच वर्षं होती आणि स्टोव्ह म्हटलं की जिजाबाई दोन हात मागं सरायच्या. करायचं काय?

अशात एका सरकारी प्रदर्शनात त्यांनी सूर्यचूल पाहिली. पत्र्याची पेटी, आतून काळी, वर दोन काचांचं झाकण, झाकणाला आरसा. तिथल्या बाईनं त्यातलाच वरणभात हातावर ठेवला. रुपरावांनी खाल्ला, बोटं चाटली आणि मग त्यांना राग आला. "आमच्या पोटावर उठली का गा ही पेटी?" असं मोठ्यानं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन तीच विकत घेऊन आले.

टालवाल्यानं सूर्यचूल आणली हे कळलं तर इज्जत जायची, म्हणून पेटी गोधडीत गुंडाळून रिक्षातून आणली. झालं! शेजारच्या नत्थूजींनी काच तेवढी पाहिली आणि संध्याकाळी बायकापोरं घेऊन दारात हजर. "रुपराव, टीव्ही कुठं ठेवला गा?" रुपरावांनी "अँटेना यायचा आहे" म्हणून वेळ मारून नेली.

पेटी छतावर चढली. पण शेगडीवाल्याचा हात कुठं गप्प बसतो? दर दहा मिनिटांनी रुपराव काच उचलून आत डोकवायचे, वर विंझण्यानं वारा घालायचे. जमलेली ऊब भुर्रकन बाहेर. शेवटी जिजाबाई म्हणाल्या, "अवो, विंझणा कायले हलवून राहिले? सूर्य विझला काय?" चौथ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला खाली हाकललं, आणि दुपारी तुरीचं वरण असं शिजलं, की रुपराव दोनदा भात मागून जेवले.

एवढ्यावर सगळं नीट व्हायचं, तर जिजाबाईंचं प्रेम आडवं आलं. जन्मभर काजळी घासलेली बाई ती! एवढ्या गुणी पेटीचं पोट काळंकुट्ट, ते त्यांना पाहवेना. राख आणि नारळाची शेंडी घेऊन त्यांनी पेटी आतून घासली, आत ठेवायचे स्वयंपाकाचे डबे घासले, अगदी चकचकीत केले. त्या दिवसापासून तांदूळ कच्चे. रुपराव तीन दिवस सरकारला शिव्या देत होते.

तिसऱ्या दिवशी ते तराजू धरून उभे असताना मागून खोकला ऐकू आला. असा, की थांबेचना. गिऱ्हाईक तसंच टाकून ते धावले. मागच्या दारी शेगडी पेटलेली, जिजाबाई भिंत धरून वाकलेल्या.

"काहून पेटवली वं?" रुपरावांचा आवाज फुटला.

"तुमी उपाशी राहाल म्हणून."

जिजाबाईंना पाणी पाजून, ओसरीवर बसवून ते तणतणत छतावर गेले, आणि पेटीत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. मग ट्यूब पेटली. अनवाणी पाय दुपारी कोळशाच्या ढिगाजवळ पडला तर फोड येतो, बाजूच्या चुन्याच्या ढिगाजवळ येत नाही, हे वीस वर्षं तळपायाला ठाऊक होतं, डोक्याला मात्र आज कळलं. ऊन काळ्यातच मुरतं! त्यांनी टालातली बारीक भुकटी चाळली, जवसाच्या तेलात कालवली, पेटीला आतून आणि डब्यांना बाहेरून दोन हात फासले, दोन दिवस वाळू दिलं. तिसऱ्या दिवशी भात शिजला. जिजाबाईंच्या हातातून राखेचं टोपलं त्यांनी काढून घेतलं.

मे महिना आला. नागपूरचं ऊन, त्याबद्दल काय सांगावं! गल्लीतल्या यमुताई कोळसा घ्यायला आल्या, तोंडाला पदर आणि प्रत्येक शब्दाला खोकला. रुपरावांनी पारड्यात कोळसा टाकला. पुन्हा काढला.

"यमुताई, हा माल नका नेऊ. छतावर चला, तुमाले एक पेटी दाखवतो."

"अन् पावसाळ्यात काय करू, भाऊ?"

"पावसाळ्यात या, कोळसा देतो. तोवर तर छातीले सुट्टी द्या. एवढं ऊन फुकट पडून राहिलं अन् आपण धूर गिळून राहिलो!"

यमुताई पेटी पाहून, ती कुठं मिळते तो पत्ता घेऊन, रिकाम्या हातानं गेल्या. जिजाबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. त्या कमरेला पदर खोचून टालात आल्या.

"काय लावलं हे? गिऱ्हाईक वापस पाठवता? काल नत्थूजीले पाठवलं, आज यमुताईले, उद्या सारा मोहल्ला पाठवान, मंग हे ढीग काय उशाले घ्याचे? पेटी लपवा म्हणता अन् स्वतःच दाखवत फिरता, डोस्कं ठिकाणावर हाये का? टाल बुडाला तर खाचं काय, ऊन? अन् हे धोतर पाहा, धू धू धुते मी, अन् हा माणूस भुकटीतच हात घालते! मी बोलून राहिली अन् हे हासून राहिले! ऐकून राहिले का नाही?"

रुपरावांनी काळ्या हातानं डोळे पुसले. सगळं तोंड काळं झालं.

"ऐकून राहिलो," ते म्हणाले. "एवढं बोलली, एकदाही खोकलली नाही. बोल वं, अजून बोल."