घोट्याच्या जखमेवर लाल उजेड

"ही जखम साखरेची नाही, रक्ताची आहे," परभणीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मला आधी रागच आला. गावानं शुगर ठरवून टाकली होती आणि मी येडी वर्षभर फिका चहा पीत बसले!

आजार निघाला सिकलसेल. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. घोट्याला रक्त पुरत नाही, मग तिथली जखम भरत नाही. माझी डाव्या घोट्याच्या मागच्या अंगाला होती. पोखर्णीत मी ब्लाउज शिवते, मशीन पायाची. पाय गेला तर हातातली कला घेऊन काय चाटायची?

डॉक्टरबाईंनी फोटोबायोमोड्युलेशन सुचवलं. नाव ऐकूनच मला घाम फुटला. निघालं काय, तर जखमेवर धरायचा लाल उजेड. ना चटका, ना ऊब. मला वाटलं, बॅटरी दाखवून बनवायलेत. "उजेड जखमेतल्या पेशींना कामाला लावतो," त्या म्हणाल्या, "पण एकटा पुरत नाही. रक्ताची औषधं चालू ठेवा, आणि घरी ड्रेसिंग, म्हणजे जखम धुऊन पट्टी, रोज नीट करा."

तिथंच घोडं अडलं. मागची जखम मला दिसेना. नवरा पुण्याला कंपनीत. घरात फक्त सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या पट्टी करायला आल्या की मी पाय ओढून घ्यायची. सासूनं सुनेचे पाय धरायचे? पाप लागंल! मीच चाचपडत कशीबशी गुंडाळायची. जखम लय चिघळली. "असंच चाललं तर पाय वाचवणं अवघड आहे," डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. मी दवाखान्याच्या बाकावर ढसाढसा रडले.

घरी आल्यावर आत्याबाईंनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला. "अगं, मी पाय न्हाई धरायले, जखम धरायले. गप बस!"

या वेळी मी पाय ओढला नाही. रोज त्या साबणानं हात धुवायच्या, सलाईनच्या पाण्यानं जखम पुसायच्या. उजेडाच्या दिवशी सोबत परभणीला यायच्या. जखमेच्या कडा हळूहळू आत सरकल्या. एक दिवस पट्टीखाली कोरडी, गुलाबी कातडी निघाली.

आजार जन्माचा हाय, जखम परत येऊ शकते, हे मला ठाऊक आहे. पण तुमची घोट्याची जखम भरत नसेल तर रक्त तपासून घ्या. आणि घरातलं कुणी हात पुढं केला तर पाय मागं घेऊ नका.

गुलाबी कातडी निघाली त्या दिवशी मी आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले. त्या झटकन मागं सरकल्या.

"वाकू नको गं बाई! कातडी ताणंल."