सातमाळच्या स्वाराचा शेवट

लग्न होऊन तेरखेड्यात आलेल्या पोरीला सासर समजायच्या आधी फटाक्यांचा कारखाना समजतो. केशरबाईच्या अंगावरची हळद पुरती उतरलीही नव्हती, तोवर सासूनं तिला हाताशी धरून शेडमध्ये नेऊन बसवलं. पुढ्यात रद्दीचा ढीग, एका अंगाला खळीचं भांडं, हातात लोखंडी गज. गजावर कागद गुंडाळायचा, कडेला खळ लावायची, गज ओढून घ्यायचा, की झाली पुंगळी. दारू भरणारे निराळे, वाती लावणारे निराळे. बायकांनी पुंगळ्या वळायच्या आणि वळता वळता गावाची उणीदुणी काढायची, असा तिथला धर्म होता.

धर्मावरून आठवलं. त्या शेडमध्ये एक रीत होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्या पानावर देव असेल ते पान वळायचं नाही. कॅलेंडरातली लक्ष्मी असो, उदबत्तीच्या जाहिरातीतला गणपती असो, पान बाजूला काढून ठेवायचं. दिवाळीला देवाच्या चिंधड्या उडाल्या आणि पाप आपल्या माथी आलं तर काय घ्या? त्यामुळं रद्दीतलं पुस्तक आलं की टाचण्या उपसून पानं सुटी करायची, दोन्ही अंगांनी देव शोधायचा, नसेल तर गुंडाळायचं. केशरबाई दुसरीपर्यंत शिकलेली होती, जोडाक्षर आलं की अडखळायची, पण या कामाला अक्षर लागतच नव्हतं. तिच्या लेखी पानं दोनच जातींची होती, देवाची आणि बिनदेवाची.

आणि नवरा मिळाला होता तो चित्रकथांचा वेडा. व्यंकटला लहानपणी न्हाव्याच्या दुकानात एक चित्रकथा सापडली आणि तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच. इतर माणसं बाजारातून वांगी आणायची, हा कुठूनतरी फाटकंतुटकं चित्रांचं पुस्तक आणायचा आणि गूळ लपवावा तसं पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. केशरबाईला आधी हसू यायचं, मग राग आला, मग तिनं सोडून दिलं. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, चित्रं बघतो. बघू दे बापडा.

तर एकदा कारखान्यात बाजूला काढलेल्या गठ्ठ्यात तिला एका चित्रकथेची पानं दिसली. ‘सातमाळचा स्वार’. हा स्वार राहायलाच मारुतीच्या देवळात होता, त्यामुळं पानोपानी कुठंतरी मारुती डोकावत होता आणि पुस्तक वळण्यापासून वाचलं होतं. नवऱ्याला आवडेल म्हणून तिनं ती पानं पदराखाली घालून घरी आणली. व्यंकटनं ती लावून घेतली आणि त्याच्या चेहऱ्यावर जे चांदणं पडलं ते तिनं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. पण शेवटाला येऊन तो थांबला. वैरी स्वाराच्या डोळ्यांत जळती राख फेकतो, स्वार घोडीवरून दरीत कोसळतो, आणि पुढं काहीच नाही.

“म्होरची पानं?” त्यानं विचारलं.

“दरीत मारुती कुठला,” केशरबाई म्हणाली. “वळली असतील म्याच.”

तो तिला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांच्या विहिरीला पाणी नाही ते फटाके कशाला घेतील? शेड ओस पडली आणि सगळं गाव खडी फोडायला रस्त्यावर गेलं. व्यंकटही गेला. एके दिवशी हातोडीखालून दगडाची कपची उडाली ती थेट त्याच्या डोळ्यात. उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे बांधले, आणि पट्टी सुटेपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले.

घरी आणून निजवला तर हा माणूस मुकाच झाला. जेवण घातलं तर जेवायचा, नाहीतर भिंतीकडं तोंड करून पडायचा. आंधळा झाला तर काय, याची भीती तिला होतीच, पण त्याहून भीती होती ती या गप्प पडण्याची. पुष्कळ दिवसांनी एका सकाळी तो आपणहून बोलला.

“केशर, त्या स्वाराचं म्होरं काय झालं गं? पानं तूच वळलीस न्हवं? बघितली असशील की.”

तिनं कुठली बघितली होती! देव नाही एवढंच पाहून गजावर गुंडाळली होती. पण पट्टी बांधलेलं तोंड त्यानं भिंतीकडून तिच्याकडं वळवलं होतं, ते तिनं पाहिलं.

“बघितली की,” ती म्हणाली. “न बघून कसं?”

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. घोडीनं स्वाराला ओढत धनगराच्या पालापाशी नेलं. तिथं एक म्हातारी धनगरीण होती. ती रोज सकाळी शेळीचं धारोष्ण दूध त्याच्या डोळ्यांत पिळायची आणि म्हणायची, घाई करायची न्हाय बाबा, डोळं काय पळून जात न्हाईत. स्वार चिडायचा, ओरडायचा, म्हातारी आपली दूध पिळायची.

“मंग?”

“मंग काय. उघडलं डोळं.”

“दोन्ही?”

इथं मात्र ती घुटमळली. “आधी एक,” ती म्हणाली.

त्या दिवशी व्यंकटनं पोटभर भाकरी खाल्ली. पण ही गोष्ट एकदा सांगून भागली नाही. रोज त्याला ती नव्यानं हवी असायची. चित्रात शेळी कुठल्या रंगाची होती, पालाला दार होतं का, म्हातारी कशी दिसायची. आज सांगितलेलं उद्या बदललं तर पकडली जाईन या धाकानं केशरबाई खोटं बोलायच्या कामात इतकी तरबेज झाली की तिचं तिलाच नवल वाटायला लागलं. काळी शेळी म्हणजे काळी. दाराला किंतानाचं गोणपाट म्हणजे गोणपाट. पट्टी सुटली तेव्हा व्यंकटचा एक डोळा लख्ख होता, दुसऱ्यात नुसतं धुकं. तो म्हणाला, “आधी एक, व्हय की न्हाय?” आणि ती मोरीत जाऊन रडून आली.

दुष्काळ सरला, घरात पाळणा हलला. पुढं गावात सहकारी दूध डेअरी निघाली आणि व्यंकट तिथं दूध तपासायच्या जागेवर लागला. पाणी घातलेलं दूध चुलत्याचं असलं तरी तो परत पाठवायचा, म्हणून अर्धं गाव त्याच्यावर रुसलेलं आणि उरलेलं अर्धं त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालणारं. चित्रकथांचं वेड मात्र वाढतच गेलं. पेटीची दोन कपाटं झाली. जुन्या पुस्तकांच्या नव्या छपाया बाजारात यायला लागल्या, तसे लांबलांबचे षौकीन त्याच्याकडं पुस्तक घेऊन यायचे. व्यंकटराव, नकल कशी उतरलीय सांगा. व्यंकट आधी पुस्तक नाकाला लावायचा, मग एक पान उजेडाकडं धरायचा, मग धडका डोळा भिंगाला लावून चेहऱ्यावरच्या बारीक रेघा बघायचा. भीड नाही, मुरवत नाही. वाईट ते वाईट आणि चांगलं ते चांगलं.

त्याच्या कपाटात मानाचं पुस्तक एकच, तो शेवट नसलेला ‘स्वार’. येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचा, आणि पानं संपली की शेवट तोंडी सांगायचा, काळ्या शेळीसकट. केशरबाई आत चहा टाकत ऐकायची. पाहुणे गेल्यावर कधीमधी तो ती गोष्ट तिच्याच तोंडून पुन्हा ऐकायचा. तिला वाटायचं, हे एक खोटं काय, त्यानं कुणाचं काय वाईट झालंय.

चौऱ्याऐंशी साली शिवलिंगप्पांचा निरोप आला. हे लोहाऱ्याचे, लग्नपत्रिकांचा छापखाना चालवायचे आणि पुढच्या खोलीत वाचनालय. स्वतः षौकीन, व्यंकटकडं कैकदा येऊन गेलेले. निरोप असा, की ‘सातमाळचा स्वार’ नव्यानं छापून आलाय, रविवारी घेऊन येतो, तुम्ही पास केला तर वाचनालयात ठेवीन.

व्यंकट पोरासारखा हरखला. केशरबाईचा मात्र जीव टांगणीला लागला. त्या पुस्तकाचा खरा शेवट काय असेल ते तिला ठाऊक नव्हतं, पण त्यात धनगरीण नसणार एवढं पक्कं ठाऊक होतं. आंधळा होऊन पडलेल्या माणसाला आपण फसवलं, आणि इतकी वर्षं त्याच्या तोंडून गावोगावच्या लोकांना फसवलं. आता त्याला कळणार. ज्याला दुधातलं पाणी खपत नाही त्याला हे खपेल? रविवारपर्यंत तिनं दोनदा भाजी करपवली.

शिवलिंगप्पा आले. ओसरीवर सतरंजी टाकली. व्यंकटनं नवं पुस्तक हातात घेतलं, जुनं शेजारी मांडलं. केशरबाई चहा देऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“कागद लई पांढरा,” व्यंकटनं सुरुवात केली. “डोळ्यांना बोचतो. जुना कसा सायीसारखा हुता. ह्यांनी मूळ चित्रं न्हाय वापरली, छापील पुस्तकाचेच फोटू काढल्यात. ह्ये बघा, घोडीची आयाळ. जुन्यात केस न् केस निराळा, इथं नुसता काळा गठ्ठा झालाय.”

“रंग?” शिवलिंगप्पांनी विचारलं.

“लाल रंग रेघेभाईर सरकलाय. मारुतीचा शेंदूर खांद्यावर सांडलाय बघा. अन् अक्षर हातानं काढलेलं हुतं, तिथं छापखान्याचे खिळे बसवल्यात, त्यामुळं बोलण्याच्या फुग्यात मावंना झालंय.” पान उलटता उलटता तो खुशीत होता. असा दोष काढत बसलेला व्यंकट हा जगातला सगळ्यात सुखी माणूस असायचा. “पण चित्रं कापलेली न्हायीत. कडा शाबूत हायीत. बेताचं काम, पण इमानाचं.”

मग राखेचं पान आलं. दरी आली. तो बोलायचा थांबला.

केशरबाईनं चौकट घट्ट धरली. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. तिला लांबूनही चित्रं दिसत होती. पाल नव्हतं, म्हातारी नव्हती. स्वार डोळ्यांना फडकं बांधून एका दगडावर बसलेला, त्यानं घोडीचा लगाम धाकट्या भावाच्या हाती दिलेला, आणि शेवटच्या चौकटीत तो मावळतीकडं पाठ करून एकटाच. डोळे काही उघडले नव्हते.

“काय हो,” शिवलिंगप्पा म्हणाले, “तुम्ही तर सांगत होता, डोळे उघडतात म्हणून. वाचलं तवाच म्हणलं, विचारावं.”

व्यंकटनं पुस्तक मिटलं. “शेवट बदललाय ह्यांनी,” तो म्हणाला. “जुन्यात असा न्हवता.”

“बदललाय? मग कसलं इमान?” शिवलिंगप्पा हिरमुसले. “असलं खोटं काम मी वाचनालयात न्हाय ठेवायचो. दुसऱ्यांना बी सांगतो.”

केशरबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं एक क्षण वाटलंही. पण नंतर तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून पुस्तकाची कड बोटानं नीट करत होता. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून एकही कमीजास्त निवाडा तिनं ऐकला नव्हता. लोक त्याच्या शब्दावर लांबून यायचे. आणि तो शब्द आपल्या खोट्यापायी बिघडतोय, हे तिला सोसेना.

“आप्पा,” ती दारातूनच म्हणाली, “शेवट बदललेला न्हाय. त्यांना म्याच फसवलंय. त्यांचं डोळं बांधलेलं हुतं तवा म्या मनानं रचून सांगितलं. ती पानं म्या बघितलीच न्हवती. त्यांचा काय दोष न्हाय त्याच्यात.”

शिवलिंगप्पा कपबशी हातात धरून नुसते बसून राहिले. केशरबाई नवऱ्याच्या रागाची वाट बघत उभी होती.

“ठावं हाय मला,” व्यंकट म्हणाला.

“आत्ता कळलं न्हवं.”

“आत्ता न्हाय. पोराचं जावळ काढाया सोनारीला गेलो हुतो, तवाच. जत्रंत एकजण जुनी पुस्तकं घेऊन बसला हुता. त्याच्याकडं आख्खा ‘स्वार’ हुता. पहिल्या छपाईचा, कोरा, एक पान दुमडलेलं न्हाय. तिथंच बसून वाचला.”

केशरबाईला तो दिवस आठवला. कडेवर पोर घेऊन ती उन्हात ताटकळत उभी होती, आणि पुस्तकांपाशी गेलेला नवरा जन्मात पहिल्यांदा रिकाम्या हातानं उठला होता. तब्येत बरी नसेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

“घेतलं का न्हाय मंग?” तिनं विचारलं.

व्यंकटनं शिवलिंगप्पांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “घरात आणलं असतं तर तू बघितलं असतंस. मला कळलंय ह्ये तुला कळलं असतं. मंग तू लाजली असतीस, अन् परत ती गोष्ट कवाच सांगितली नसतीस.” त्यानं जुन्या पुस्तकावर हात ठेवला. “त्या अंधारात मला एवढाच उजेड हुता, केशर. त्यो मी सोनारीच्या जत्रंत कसा टाकून यीन?”

शिवलिंगप्पांनी कपबशी खाली ठेवली आणि ते उगाच अंगणाकडं बघत राहिले. व्यंकटनं नवं पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. “मघाचं माझं माघारी घेतो,” तो म्हणाला. “छपाई बेताची हाय, पण पुस्तक खरं हाय. ठेवा तुम्ही.”

केशरबाईनं पदर डोळ्यांना लावला. पाव्हण्यासमोर नवऱ्याच्या शेजारी बसायचं नसतं, हे तिला सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिनं ते आजवर पाळलं होतं. ती उंबरा ओलांडून ओसरीवर आली आणि सतरंजीवर त्याच्या शेजारी बसली.