ओवशाचं विमान

छोट्या, स्वस्त विमानाने गावी जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: ज्या दिवशी पोचायलाच हवं, त्या दिवशी जाऊ नका. मजेला जा, वाटल्यास उगाच ढग बघायला जा. कामाला जाऊ नका. हे मी रागाने सांगते आहे, आणि तो राग निवावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

धाकट्या भावाचं लग्न झालं त्याच वर्षी गौर पूर्वा नक्षत्रात आली. आमच्या कोकणात असं जुळून आलं की नव्या सुनेचा ओवसा होतो. फळं, पानं, नारळ भरलेली सुपं ती गौरीपुढे ओवाळते आणि त्यातलं एक सासूच्या हातात देऊन पाया पडते. असा योग दरवर्षी येत नाही, मध्ये वर्षं जातात. गावी आई एकटी, चार पावलं चालली तरी धाप लागते. "ह्यो एक ओवसो बघूंदे, मगे माझी खयची तक्रार नाय," हे तिचं लग्नापासून चालू होतं.

भावाला रजा नव्हती. भावजयीला मिळाली ती नेमकी गौरीपूजनाच्या दिवसाची. एसट्या, गाड्या सगळं भरलेलं, म्हणून भावाने आम्हा दोघींचं सकाळचं विमान काढलं. तासाभराचं तर काम, म्हणाला.

गावात सुपं विणणारं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून ती आम्ही घाटकोपरहून घेतली, एकात एक घालून जुन्या साडीत बांधली आणि कांजूरमार्गहून रिक्षाने मांडीवर सांभाळत विमानतळावर नेली. काउंटरवरच्या मुलीने गाठोड्याकडे असं बघितलं, जणू आम्ही त्यात म्हैस आणली होती. वरच्या कप्प्यात मावणार नाही, खाली सामानात जाईल, मोडलं तर जबाबदारी तुमची, असं म्हणून सही घेतली. या विमानांचे कप्पे एवढेसे असतात आणि जबाबदारी कायम आपलीच असते, हे आधीच समजून चला.

मग बसलो. विमान सुटायची वेळ टळून गेली तरी फलकावर ते वेळेवरच होतं. विचारलं तर "ऑपरेशनल रीझन". म्हणजे काय विचारलं तर पुन्हा तेच. वर गार सँडविच वाटत आले. भावजयीचा उपास, ओवसा झाल्याशिवाय ती तोंडात काही घालणार नव्हती. तिने ते परत केलं आणि पदराशी चाळा करत बसली.

शेवटी एकदाचं उडालं. गावावर पोचलंही. ढगांच्या फटीतून मला खाडी दिसली, मी भावजयीला बोट दाखवलं. घिरट्या घातल्या आणि घोषणा झाली की खाली दिसत नाही, मुंबईला परत जातोय. वैमानिकावर माझा राग नाही, त्याने सगळ्यांचा जीव जपला. पण भाद्रपदात कोकणात ढग असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिकीट विकणाऱ्यांना कळत नव्हतं?

पट्ट्यावरून सुपं आली. एकाचीही काडी मोडली नव्हती, त्याचाच जास्त संताप आला. काउंटरवरची मुलगी म्हणाली की उद्याच्या विमानात जागा देते, वेगळे पैसे नाहीत.

"ओवसा आजचाच, उद्या गौर जाते," मी म्हटलं.

"मग परवाचं देऊ का, मॅडम?"

रस्त्याने निघालो असतो तर पोचेपर्यंत ओवशाचा दिवस उलटून गेला असता. भावजय गाठोडं उराशी धरून रडत होती, म्हणून आईला फोन मीच केला. तिने गौरीपुढे पाट मांडून ठेवला होता. सून उपाशी म्हणून तीही जेवली नव्हती. सगळं सांगताना मला तिची धाप ऐकू येत होती.

"त्या इमानवाल्यांका सांग," ती म्हणाली, "पुढची पूर्वा येयसर म्हातारेक जगवा म्हणान."

मी फोन ठेवला आणि तो निरोप काउंटरवर जसाच्या तसा दिला. मुलीला मालवणी कळली नाही, म्हणून पुन्हा सरळ मराठीत सांगितलं: पुढचा योग येईपर्यंत माझ्या आईला जिवंत ठेवा.

ती म्हणाली, मॅडम, ही तक्रार तुम्हाला ऑनलाइन टाकावी लागेल.