डबलचं बटण

तो खेळ मी आणला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जागेश्वरला चार शब्द बोललो तर कुणी मला साधू समजायला नको.

मी खुशाल. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज तुमसर रोडच्या स्टेशनवर नेऊन टाकणाऱ्या एका ठेकेदाराचा ट्रक चालवायचो. जागेश्वर खाणीत खाली असायचा, भरलेले डबे रुळांवरून ढकलायला. कामगारांच्या कॉलनीत आमच्या खोल्या एकाच ओळीत होत्या. पाळी सुटली की चिंचेखाली पोतं अंथरून तीन पत्ती बसायची, आणि त्या पोत्यावरचा राजा म्हणजे जागेश्वर. जिंकायचा म्हणून राजा नव्हे, हरायचा तर तोच सगळ्यांत जास्त. पण हरल्यावरही हसत हसत 'अजून एक' म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. उठायचं केव्हा, हे त्या माणसाला आईनं शिकवलंच नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली त्यानं पत्ते सोडले. त्याची एकुलती एक पोर चंद्रकांता तेव्हा तीन वर्षांची होती आणि तिला झटके यायचे. दिवसातून चार-चारदा डोळे फिरवायची. दवाखाने झाले, जडीबुटी झाली. शेवटी त्याची बायको शकुनबाई पोरीला उचलून एका भगवंताच्या मार्गात गेली. त्या काळात आमच्याकडची पुष्कळ घरं अशा मार्गाला लागली होती. देव एकच मानायचा, दारू-जुगार सोडायचा, खोटं बोलायचं नाही, आणि हा शब्द घरातल्या प्रत्येकानं पाळायचा. एकानं मोडला तर दुखणं दुसऱ्याच्या अंगावर येतं, अशी श्रद्धा. जागेश्वरनं शब्द दिला आणि पोरीचे झटके थांबले. कशानं थांबले ते मला विचारू नका, थांबलेले मी पाहिले.

चार वर्षं त्यानं पत्त्याला बोट लावलं नाही. आम्ही चिंचेखाली बसलो की तो जवळच्या दगडावर आमच्याकडे पाठ करून बसायचा आणि नुसता आवाज ऐकायचा. पत्ते पिसल्याचा, कुणी पान आपटल्याचा. मला त्याची दया यायची. दया आली की मी हमखास काहीतरी मूर्खपणा करतो.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ट्रकचं सामान आणायला नागपूरला गेलो होतो. सीताबर्डीच्या फुटपाथवर एकजण बाहेरदेशची घड्याळं आणि कॅल्क्युलेटर विकत बसला होता. त्यात हा खेळ होता. तळहाताएवढा, घड्याळाच्या सेलवर चालणारा. काचेवर पाच पत्ते उमटायचे, हवे ते ठेवायचे, नको ते बटण दाबून बदलायचे. जोडी लागली की थोडे पॉइंट, चार सारखे आले की ढीगभर. विकणारा म्हणाला, याला पोकर म्हणतात. आणखी एक बटण होतं, डबलचं. ते दाबलं की मशीन एक पत्ता दाखवायचं आणि पुढचा मोठा येणार की लहान ते आपण सांगायचं. बरोबर आलं तर जिंकलेलं दुप्पट, चुकलं तर शून्य.

जागेश्वरला माझ्या ट्रकमध्ये बसवून तो मी त्याच्या हातात ठेवला. त्यानं विंचू पाहावा तसा पाहिला.

"हे पाय," मी म्हणालो, "हातात पत्ता हाये का? नाई. पैसा हाये का? नाई. समोर माणूस हाये का, ज्याचं तू जिंकशीन? तेबी नाई. मंग जुगार कुठचा?"

"शकुनले सांगू का?"

"कायले सांगतेस?" मी म्हणालो.

त्यानं सांगितलं नाही. फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवला. पहिले आठ दिवस नुसत्या तक्रारी. आपल्या तीन पत्तीत सिक्वेन्स रंगापेक्षा मोठा, आणि हे मशीन रंगाला जास्त पॉइंट देतं. "लबाड हाये हे," म्हणून त्यानं त्या बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण सोडला नाही. माझ्या ट्रकमध्ये, खाणीत खाली जेवणाच्या सुट्टीत टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात, जिथं जमेल तिथं अंगठा चालूच. घरात मात्र कुणाला दिसू दिला नाही.

पोळ्याच्या सुमारास मला म्हणाला, "मजा नाई येऊन राहिली, खुशाल. यात लावाले काहीच नाई ना."

मी हसलो. तेव्हा मला कळायला हवं होतं. त्यानं आपल्या मनानंच लावायला सुरुवात केली होती. हा डाव जिंकलो तर उद्या पहिली पाळी मिळणार. हरलो तर आज चहा नाही. आणि हरल्यावर खरंच चहा प्यायचा नाही. असा प्रामाणिक जुगारी होता तो.

दिवाळीनंतर धानाची कापणी चालू असताना चंद्रकांताला ताप भरला. सात वर्षांची होती. थंडी वाजून ताप यायचा, घाम येऊन उतरायचा, पुन्हा चढायचा. गोळ्या चालू झाल्या. दुसऱ्या दिवशी मार्गातल्या रीतीप्रमाणे त्यांच्या घरी बैठक बसली. सिहोऱ्याहून तुलारामजी आले. मार्गातले जुने, शांत गृहस्थ. घरात दुखणं आलं की सगळ्यांनी सोबत बसायचं आणि ज्याच्याकडून शब्द मोडला असेल त्यानं तो बोलून माफी मागायची, अशी ती रीत. मी शेजारी म्हणून दाराशी बसलो होतो.

आधी शकुनबाई बोलली. नवरात्रात ती माहेरी, एकोडीला गेली होती. तिथं तलावाच्या पाळीवरच्या देवीला तिच्या आईनं, धुरपताबाईनं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा लेकीच्या हातावर ठेवला. आईचा हात झिडकारायचा कसा, म्हणून तिनं खाल्ला. "चुकली मी," म्हणत तिनं जमिनीला डोकं टेकलं.

मग जागेश्वरची पाळी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"माही काही चूक नाई," तो म्हणाला.

पत्ता नाही, पैसा नाही, माणूस नाही. माझंच वाक्य तो मनात म्हणत असणार. त्या दिवसापासून शकुनबाईनं अन्न सोडलं, नुसत्या पाण्यावर राहिली.

तिसऱ्या दिवशी पोर बरळायला लागली. मी ठेकेदाराला न विचारता ट्रक काढला आणि तिघांना भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हिवताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी काही कमी केलं नाही. सलाईन, सुया, सगळं चालू होतं. पोर कधी शुद्धीवर यायची, तर वर छताकडे पाहत पडून राहायची. शकुनबाई तिचा पाय हातात धरून बसलेली, ओठ सुकून फाटलेले. आणि जागेश्वर बाहेर व्हरांड्यात, भिंतीला टेकून, अंगठा चालवत. दोन दिवस मी हे पाहिलं. पाचव्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलं.

"अरे लाज वाटते का तुले? फेक ते!"

"फेकता येत नाई आता," तो म्हणाला. "लावलं हाये."

"काय लावलं?"

"पोट्टीले."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. चार सारखे आले तर चंद्रकांता जगणार. दोन दिवस तो त्या चार सारख्या पत्त्यांची वाट पाहत होता. मी मशीन हिसकावलं तर तो माझ्या पायांशी आला. "डाव अर्धा हाये, खुशाल. आता सोडला तर पोट्टी जाईन. पाया पडतो, दे." खाणीत टनावारी माल ढकलणारा माणूस, लेकरासारखा रडत होता. मी काय करणार? दिलं परत.

आणि अर्ध्या तासानं आले. चार बादशहा. मी स्वतः पाहिले. आम्ही दोघं आत धावलो, तर पोरीचे डोळे उघडे. "माय, पाणी," असं साफ म्हणाली. शकुनबाई रडत होती आणि हसतही होती. नर्सबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि बरं चिन्ह आहे म्हणाल्या. मी, खुशाल ड्रायव्हर, कशावरच विश्वास न ठेवणारा, माझ्याही अंगावर काटा आला.

व्हरांड्यात आलो. मशीनवर जिंकलेले पॉइंट दिसत होते, आणि शेजारी डबलची खूण लुकलुकत होती. त्याचा अंगठा तिकडे गेला. मी मनगट धरलं.

"बस झालं, जागेश्वर. जिंकला तू. बंद कर."

"ताप कुठं उतरला अजून? अर्धीच जिंकली म्या. अर्धी पोट्टी घेऊन घरी जाऊ का?"

हात सोडवून त्यानं बटण दाबलं. अठ्ठी आली. "मोठा," तो म्हणाला. तिर्री आली. काचेवर शून्य उमटलं.

तो तिथंच बसून राहिला. संध्याकाळी ताप पुन्हा चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकांता गेली. हिवतापाला डास पुरतो, पत्ते लागत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याला सांगूनही पाहिलं.

चिखल्याच्या नाल्याकाठी पोरीला माती दिली. एकोडीहून धुरपताबाई छाती पिटत आली, तर शकुनबाई दारात आडवी उभी राहिली. "तुया खोबऱ्यानं गेली माही लेक. तू नको येऊ. मीबी नाई येणार कधी." म्हातारी तासभर अंगणात बसली आणि तशीच एसटीला परत गेली. जागेश्वर ते सगळं ओट्यावरून पाहत होता.

मला वाटतं, त्यानंच त्याला बळ आलं. माती दिल्यापासून पाचव्या दिवशी पुन्हा बैठक बसली. शकुनबाईनं पुन्हा खोबऱ्याचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात जागेश्वर उठला. पिशवीतून फडकं काढलं, सोडलं आणि मशीन तुलारामजींच्या पुढ्यात ठेवलं.

"चूक तिची नाई, जी. माही हाये. म्या जुगार खेळलो."

तुलारामजींनी मशीन उचललं, उलटंपालटं केलं. कुणीतरी बटण दाबलं तसं ते टीं-टीं वाजलं. सगळे वाकून पाहायला लागले.

"पैसे लावत होते का यात?" तुलारामजींनी विचारलं.

"नाई जी."

"कोणासंगं खेळत होते?"

"एकटाच."

तुलारामजींनी मान हलवली. अगदी मायेनं म्हणाले, "बाबू, बायकोचं दुःख आपल्या डोक्यावर घ्याले पाहतेस, समजते मले. पण हे लेकराईचं खेळणं हाये. याचा दोष नाई लागत."

जागेश्वरचे ओठ हलत होते. काय लावलं होतं, तेवढं एक सांगायचं राहिलं होतं. ते सांगितलं असतं तर शकुनबाई सुटली असती. मला ठाऊक होतं, आणि मीही दाराशी बसूनच राहिलो.

तेवढ्यात शकुनबाईनं हात पुढे केला आणि मशीन घेतलं. एक बटण दाबलं. पत्ते उमटले. दुसरं दाबलं, ते बदलले. कितीतरी वेळ ती त्या काचेकडे पाहत होती. मग नवऱ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.

"दवाखान्यात होतं हे तुमच्याजवळ? माही पोट्टी दिवसभर वर पाहत पडून राहे, जी. तिले काहून नाई देलं खेळाले?"