कल्लप्पा बिराजदाराची काचपेटी

कल्लप्पा बिराजदाराचे दोन्ही कान तालमीत मोडले होते. सोलापुरात गिरणीच्या फाटकासमोर त्यानं चहाचं हाटेल टाकलं, तेव्हा त्या कानांचा त्याला फार उपयोग झाला. भांडखोर गिऱ्हाईक एकदा त्या गड्ड्यासारख्या कानांकडं बघायचं आणि आवाज खाली आणायचं. कल्लप्पाला कधी हात उगारावा लागला नाही.

खरं म्हणजे तो उगारूही शकला नसता. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावात जत्रेच्या कुस्तीत समोरच्या गड्यानं त्याचा गुडघा उलटा फिरवला होता. कांडं मोडावं तसा आवाज झाला आणि कल्लप्पा तांबड्या मातीत तोंड खुपसून ओरडत राहिला. तेव्हापासून कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं, की त्याचं अंग गार पडायचं. लोक म्हणायचे, पैलवान असून किती शांत माणूस. तो शांत नव्हता, भ्यालेला होता. हे फक्त त्याची बायको काशम्मा जाणून होती.

एकोणीसशे तेवीस साली गिरणीतला एक गोरा इंजिनिअर नोकरी सोडून विलायतेला निघाला. त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. कल्लप्पा गेला होता बाकडी मिळतात का बघायला, आणि परत आला तो हातगाडीवर माशांची काचपेटी घेऊन. लोखंडी चौकट, चारी अंगांना जाड काच, तळाला काळा दगड, आणि सोबत मडक्यात साहेबाचे लाल मासे.

काशम्मानं कपाळावर हात मारला. "लिंगायताच्या दुकानात मासे? लोक चहा पितील का थुंकतील?"

"खायला न्हाईत गं," कल्लप्पा म्हणाला. "बघायला हाईत."

लोक बघायला आले. केसांत कापसाचे तंतू घेऊन पाळीवरून सुटलेले गडी बशीतला चहा फुंकत त्या पेटीसमोर मुकाट बसायचे. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून कानठळ्या बसलेल्या माणसांना त्या आवाज नसलेल्या पाण्याचं काय वाटायचं कोण जाणे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कल्लप्पा स्वतःही तिथंच बसायचा.

पेटीच्या लगतचं बाकडं नरसय्याचं. साखर पेठेतला तेलुगू विणकर, मागखात्यात कामाला, अंगानं काटकुळा आणि जिभेनं तिखट. गिरणीतल्या वरच्या लोकांची नावं त्यानं माशांना ठेवली होती. दुसऱ्यांच्या तोंडातला घास ओढणाऱ्या एका ढेरपोट्या माशाचं नाव होतं बसप्पा.

बसप्पा हा त्यांच्या खात्याचा जॉबर. माणसं कामावर घेणं आणि काढणं त्याच्या हातात. सुट्टीच्या दिवशी खात्यातल्या गड्यांनी त्याच्या शेतावर फुकट राबायचं, असा त्याचा शिरस्ता होता. नरसय्यानं एका रविवारी जायचं नाकारलं. पुढच्या रविवारी त्याच्यामागं निम्मं खातं घरी बसलं. त्यात माशाची गोष्ट बसप्पाच्या कानावर गेली.

श्रावणातली संध्याकाळ होती. भोंगा होऊन गडी नुकतेच बाहेर पडले होते. बसप्पा दोन माणसं घेऊन हाटेलात शिरला. त्याच्या हातात शिसं भरलेली आखूड काठी होती. तो सरळ काचपेटीपाशी जाऊन उभा राहिला.

"ह्यातला मी कुठला?" त्यानं विचारलं.

नरसय्यानं बशी खाली ठेवली, नीट पाण्यात बघितलं आणि बोट दाखवलं. "त्यो. खाऊन खाऊन ज्याला वळता येत न्हाय."

पहिला घाव खांद्यावर बसला. नरसय्या उठायला गेला, तेव्हा दुसरा तोंडावर. दात फरशीवर उडाले. दोघांनी त्याचे हात धरले आणि बसप्पानं केसाला धरून त्याचं डोकं पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं. लोखंडी चौकट आत दबली. समोरच्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि पाणी फवाऱ्यासारखं बाहेर उडालं. बाकडी पाडत गिऱ्हाईकं रस्त्यावर पळाली. नरसय्या खाली पडला, तरी काठी चालूच होती. पाठीवर, बरगड्यांवर, मग ओल्या कापडावर धोपटणं पडावं तसा आवाज येईपर्यंत डोक्यावर.

कल्लप्पा तीन हातांवर होता. त्या तिघांपैकी कुणालाही त्यानं उचलून रस्त्यावर फेकलं असतं. पण तो काचपेटीकडं धावला आणि दोन्ही पंजे तड्यावर दाबून उभा राहिला. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं, काच तळव्यात रुतली होती आणि त्याच्या पायाशी माणूस मरत होता. ते तिघं निघून गेल्यावरही त्याचे हात काचेवरून सुटेनात. काशम्मानं येऊन ते एकेक करून सोडवले.

नरसय्या दवाखान्यात शुद्धीवर न येताच वारला. फौजदार चौकशीला आला, तेव्हा हाटेलात असलेल्या एकालाही काही दिसलेलं नव्हतं. कुणी पाठमोरा होता, कुणी आधीच घरी गेला होता. कल्लप्पा म्हणाला, "गर्दी लई होती साहेब." त्याच्या हातांना पट्ट्या होत्या. काच भरली, एवढंच त्यानं सांगितलं.

मासे रांजणात सोडले होते. रिकामी पेटी भिंतीशी पडून होती. शिवप्पा लोहारानं ती उलटीसुलटी करून बघितली. "चौकट मुरडली हाय. सरळ हुईल, पर सगळ्या काचा काढाव्या लागतील. त्यात एखादी फुटली तर? जुन्या लोखंडाला गंजबी लागलाय. माझं ऐक, भंगारात घाल आनि नवी आन."

गिऱ्हाईकांचंही तेच मत. रक्त लागलेली वस्तू दुकानात ठेवू नये, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, मुंबईला आता याहून झकास मिळतात, हिला हात लावण्यात अर्थ नाही. कल्लप्पाचंही मन नवीकडंच झुकत होतं. त्या मुरडलेल्या कोपऱ्याकडं तो पाठ करूनच बसायचा.

आणि मग एका दुपारी बसप्पाच आला. एकटा, हसतमुख. नरसय्याच्याच बाकड्यावर तो ऐसपैस बसला.

"नुसकान झालं तुझं," तो म्हणाला. "माझ्यामुळं झालं, भरून मीच देनार. मुंबईला सांगून ठेवलंय. हिच्या दुप्पट मोठी पेटी येईल, गोऱ्याच्या दुकानातली. मासेबी तिथलेच. ही आजच उचलून न्हेतो माझी मानसं लावून."

कल्लप्पा शेजारचं बाकडं पुसू लागला.

"फौजदार परत येनार हाय म्हनं. तू त्या वक्ताला मागं भट्टीपाशी होतास. व्हय की न्हाय?"

"इचार करतो," कल्लप्पा म्हणाला.

"कर की. उद्या गाडी पाठवतो." जाता जाता बसप्पानं वाकून पेटीचा दबलेला कोपरा बोटानं चाचपला. आपण घडवलेली वस्तू चाचपावी तसा.

काशम्मा पडद्याआडून ऐकत होती. बसप्पा गेला तशी ती बाहेर आली.

"घेनार?"

"न घेऊन काय करू? उद्या माझं डोकं फोडतील."

"फोडतील," ती म्हणाली. "मी काय खोटं म्हनत न्हाय. पर त्या दिवशी मी तुमास्नी बघितलंय. मानूस पायाशी पडलं हुतं आनि तुमचे दोनी हात काचेला हुते. नवी पेटी आली की रोज तिच्यासमोर बसनार तुमी. बसवंल?"

कल्लप्पा चिडला. बारा गावच्या कुस्त्या मारलेल्या माणसाला तू काय शिकवतेस, असं काहीबाही ओरडला, भट्टीवरचं पातेलं लाथेनं उडवलं. ऊन दूध त्याच्याच पायावर सांडलं. मग तो तिथंच ओल्यात बसला आणि मोठ्यानं रडला. काशम्मानं त्याला रडू दिलं. तिनं फडकं आणून दूध पुसायला घेतलं, तेव्हा फरशीच्या सांध्यातून अजून तांबूस पाणी निघत होतं.

दुसऱ्या दिवशी बसप्पाची माणसं गाडी घेऊन आली. कल्लप्पानं काचपेटी आधीच शिवप्पाच्या भात्यापाशी नेऊन ठेवली होती.

"ब्याड," तो कानडीत म्हणाला. नको. "जुनीच नीट करतोय, म्हनावं. आनि मी भट्टीपाशी नव्हतो."

तिथून तो लंगडत फौजदाराकडं गेला आणि बघितलेलं सगळं सांगून आला. त्याचं ऐकून नरसय्याच्या खात्यातला आणखी एकजण तयार झाला. बाकीचे नाहीच झाले. तेवढ्यावर बसप्पाला पकडलं आणि खटला उभा राहिला.

दुरुस्ती सोपी नव्हती. चौकट तापवून ठोकताना मागची काचही गेली. दोन नव्या काचा कापून आणल्या. शेंदूर आणि खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून शिवप्पानं त्याची काचा बसवायची लांबी केली आणि सांधे भरले. कल्लप्पा रोज जाऊन बोटानं दाबून बघायचा. पहिल्यांदा पाणी भरलं तर तळातून गळलं. सगळं खरवडून पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा गळलं नाही, पण घाईनं मासे सोडले आणि कच्च्या शेंदरानं निम्मे मासे रातोरात उलटे तरंगू लागले.

"सांगितलं हुतं, नवी आन म्हनून," शिवप्पा म्हणाला.

साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळी ते आले. चौघं, तोंडाला फडकी बांधलेली. कल्लप्पा दुकानाच्या फळ्या काढत होता. पहिली सळई त्याच्या उजव्या हातावर बसली आणि बोटं वेडीवाकडी लटकली. दुसरी मोडक्या गुडघ्यावर. तो कोसळला. अंग गार पडण्याची वाट बघत होता, असं त्यानं पुढं सांगितलं, पण यावेळी अंग पेटलं. त्यानं जवळच्या गड्याचा घोटा डाव्या हातानं धरून ओढला आणि तो खाली येताच त्याचा हात पाठीमागं मुरगाळून खांद्यातून उखडला. गडी जनावरासारखा बोंबलला. दुसऱ्याच्या नाकाडावर कल्लप्पानं कपाळ हाणलं. काशम्मा आतून उकळत्या चहाचं भांडं घेऊन आली आणि तिनं ते तिसऱ्याच्या तोंडावर ओतलं. चौथा पळाला. रस्ता माणसांनी भरला होता. मध्ये कुणी पडलं नव्हतं, पण यावेळी कुणी घरीही गेलं नव्हतं.

हात गळ्यात बांधून, दोघांच्या आधारानं कल्लप्पा कोर्टात उभा राहिला. बसप्पाच्या वकिलानं विचारलं, "एवढं सगळं डोळ्यांनी बघितलंत, तर सोडवायला का गेला नाहीत?"

कल्लप्पानं डाव्या हातानं कठडा धरला.

"भ्यालो हुतो," तो म्हणाला. "काचपेटी धरून हुबा राहिलो."

कोर्टात कुणीतरी हसलं. नरसय्याची बायको मागं बसली होती, ती हसली नाही. बाहेर आल्यावर ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, त्याच्या मोडक्या हाताकडं बघितलं, आणि निघून गेली. त्यानंतर ती कधी हाटेलाच्या वाटेनं आली नाही.

बसप्पाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच्या दोन साथीदारांपैकी एक सुटला. नव्या जॉबरच्या भीतीनं काही दिवस गिऱ्हाईक रोडावलं, मग चहाच्या तलफेनं परत आलं. कल्लप्पाच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत; चहा काशम्मा गाळू लागली, तो डाव्या हातानं कप मांडू लागला. कितीतरी पाणी बदलल्यावर शेंदराचा अंमल उतरला आणि उरलेले मासे जगले. नरसय्याचं बाकडं तो कुणाला हलवू द्यायचा नाही, पण त्यावर बसायला कुणाला मनाईही नव्हती.

एकतीस साली बसप्पा सुटून आला. शहर तोवर बदललं होतं, आदल्याच वर्षी मार्शल लॉ येऊन गेला होता, जॉबर म्हणून त्याला ओळखणारे थोडेच उरले होते. केस पांढरे, पुढचे दात पडलेले. तो हाटेलात शिरला आणि दाराजवळच्या बाकड्यावर टेकला.

"चहा दे," तो म्हणाला.

काशम्माचा हात गाळणीवर थांबला. कल्लप्पा गल्ल्यावरून उठला, लंगडत त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. आजूबाजूच्या बशा खाली ठेवल्या गेल्या.

"ऊठ," कल्लप्पा म्हणाला.

बसप्पानं वर बघितलं. मोडके कान, वाकडी बोटं, आणि त्यामागं एकेक करून उभे राहिलेले गिरणीतले गडी. तो काठी टेकत उठला आणि उन्हात निघून गेला.

"बसा," कल्लप्पा गड्यांना म्हणाला. "चहा निवतोय."