बांगलादेश माझ्याकडे होता

"तू बोलू नको. तुझ्या तोंडून मले-तुले निघालं की तपासणी समितीसमोर कॉलेजची शोभा होईल." सर हळूच म्हणाले आणि माझ्या हातातली 'बांगलादेश' लिहिलेली पाटी काढून घेतली. मला पाण्याच्या बाटल्या मांडायला सांगितल्या.

सर राज्यशास्त्राचे. साकोलीच्या आमच्या कॉलेजात या विषयाला पोरं नाव घालायची आणि थेट परीक्षेला उगवायची. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला की वर्गात सर आणि पंखा, एवढेच. म्हणून सरांनी युक्ती काढली. प्रत्येकाला वर्षभरासाठी एक देश. दर शनिवारी त्या देशाच्या वतीनं बोलायचं, आपल्या बोलीत बोललं तरी चालेल. मला बांगलादेश आला. वर नदी अडवतो कोण आणि खाली भोगतो कोण, हे मला पुस्तकानं शिकवायची गरज नव्हती. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं.

रोवण्याची मजुरी बुडवून मी शनिवार गाठायची. आई म्हणायची, "तो देश तुले खायले देते का वं?" मी हसायची. पुनर्वसन वसाहतीतल्या आणखी सहा पोरी मीच ओढून आणल्या. वर्ग भरला, म्हणून तर समिती पाहायला आली.

आणि त्या दिवशी समितीसमोर माझं भाषण संस्थाचालकांच्या पुतणीनं वाचलं. शनिवारी ती कधी फिरकली नव्हती. नदीपायी उठवलेल्या माणसांचं ते भाषण सगळं माझंच, फक्त इंग्रजीत. इंग्रजी सरांनी करून दिलेलं. बापानं घराबाहेर काढलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

समितीतल्या बाईंनी तिला विचारलं, "विस्थापितांना जमीन मिळते, मग राग कशाचा?"

पुतणीनं सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे.

मी बाटली खाली ठेवली. "मॅडम, जमीन भेटली. पण पाणी भराच्या आधी आमाले कोनी इचारलं नाही. हे भाषण बी मीच लिवलं. आज बी मले कोनी इचारलं नाही."

"बाहेर हो," सर म्हणाले. मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. माफी लिहून दे, नाहीतर विषय बदल.

माफी लिहिली नाही. विषयही सोडला नाही. आता रोज पहिल्या बाकावर बसते. सरांसाठी नाही. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचा हक्क यांना कोण देतं, हे मला मुळापासून शिकायचं आहे. सर अजूनही छान शिकवतात. मी एकूणएक शब्द उतरवून घेते. विश्वास मात्र एकाही शब्दावर ठेवणार नाही.